मुदतवाढ वेगळी आणि निवृत्तीचं वय वाढणं वेगळं, उगं मिक्स करू नका

एखाद्या मोठ्या साहेबाला मुदतवाढ मिळाली की आमच्याकडं नांदेड-परभणीत लगेच फॉरवर्ड फिरायला लागतो, पोलिसांचं रिटायरमेंटचं वय ६० झालं म्हणून. झालं-बिलं काही नसतंय.

मुदतवाढ म्हणजे एका माणसापुरती ऑर्डर. रश्मी शुक्लांचंच बघा, जानेवारी २०२४ ला डीजी म्हणजे राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या, वयानं जून २०२४ ला रिटायर व्हायच्या होत्या, पण सुप्रीम कोर्टानं २००६ ला प्रकाश सिंह केसमध्ये सांगितलेलं की डीजीला रिटायरमेंटची तारीख मधी आली तरी कमीत कमी दोन वर्षं द्या, त्या हिशोबानं त्यांना जानेवारी २०२६ पर्यंतची टर्म मिळाली. त्यानं बाकी कुणाचं वय एका दिवसानंही वाढलं नाही. आणि आयपीएसवाले मुळातच ६० ला जातात, त्यांचा नियम केंद्राचा, आपल्या हवालदाराला तो लागूच नाही.

वय वाढवायचं म्हणजे नियमच बदलायचा. राज्यात पोलीस शिपायापासून पीआयपर्यंत (पोलीस निरीक्षक) सगळे ५८ ला जातात, हे १९८२ च्या पेन्शन नियमात लिहिलेलंय, ते बदलायला सरकारचा निर्णय लागतो आणि एकदा बदललं की सगळ्यांना लागू. (गंमत म्हणजे ऑफिसातला गट ड चा शिपाई ६० ला जातो अन् पोलीस शिपाई ५८ ला!) देगलूरच्या पलीकडं तेलंगणात २०२१ पासून ६१, उदगीरच्या पलीकडं कर्नाटकात ६०, त्यामुळं आपल्या लोकांना वाटणारच की आम्हीच काय घोडं मारलंय.

मुदतवाढीनं एक खुर्ची अडते, खालच्या दोन-चार साहेबांचं प्रमोशन लांबतं, बस्. पण वय दोन वर्षांनी वाढलं तर तेवढा काळ रिटायरमेंटच्या जागा निघणारच नाहीत, आणि लातूरला रूम करून पहाटे ग्राउंड मारणाऱ्या पोरांचं वय काय थांबतंय का, ओपनला भरतीत २८ म्हणजे २८. सरकारला मात्र ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी मिळणारे) पैसे दोन वर्षं पुढं ढकलता येतात, हे कुणी बोलत नाही.

मला विचाराल तर तपासात मुरलेला माणूस ६० पर्यंत ठेवला तर चांगलंच, पण तुळजापूरच्या नवरात्रात शुगर-बीपीच्या गोळ्या खिशात घेऊन दिवसभर बंदोबस्ताला उभं राहणाऱ्याला अजून दोन वर्षं हेच करा म्हणायचं? २०२० ला कोरोनात मुंबई पोलिसांनीच ५५ च्या वरच्यांना घरी थांबा म्हणलेलं. मुदतवाढीत हा प्रश्न येतच नाही, ती ज्यांना मिळते त्यांना उन्हात उभं राहायचं नसतंय.

अजून एक, तारखेचं. आमच्याकडं मास्तरांनी सरसकट १ जून जन्मतारीख टाकलेले लई लोक आहेत, आणि १ तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी रिटायर होतो, म्हणून ३१ मे ला निरोप समारंभांची लाईन लागते. वय वाढवायचा निर्णय १ जूनपासून लागू केला तर ती सगळी बॅच एका दिवसानं हुकली. मुदतवाढीत असली भानगड नाही, ऑर्डरीत नाव असलं तर राहिला, नसलं तर गेला. त्यामुळं पुढचा फॉरवर्ड आला की पीडीएफ उघडून आधी बघा, त्यात कुणाचं नाव लिहिलंय का नियम बदललाय, मग पेढे वाटा.