पडद्याचे स्पीकर आणि खोलीचा सबवूफर

होम थिएटरच्या कोणत्याही आराखड्यात समोरच्या आणि बाजूच्या स्पीकरांच्या जागा अंशांत मोजून दिलेल्या असतात, तर सबवूफर, म्हणजे खर्जाचे (सर्वांत खालचे) सूर वाजवणारा खास स्पीकर, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, जणू उरलेल्या जागेत, दाखवलेला असतो. या दोन नियमांचा उगम वेगवेगळा आहे. स्पीकरांची मांडणी ऐकणाऱ्याचे कान आणि पडदा यांच्या नात्यातून ठरत गेली. खर्जाची जागा मात्र खोलीच्या भिंतींनी ठरवली, आणि ही गोष्ट लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

पहिला धागा १९३१ पर्यंत मागे जातो. लंडनमध्ये ईएमआय कंपनीचे अभियंता अॅलन ब्लमलाइन यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात दोन चॅनेलच्या (दोन स्वतंत्र प्रवाहांच्या) ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडे, ही बोलपटांतली विसंगती त्यांना खटकली होती, असे सांगितले जाते. पुढे २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो डावा, मधला आणि उजवा अशा तीन चॅनेलांतून. मोठ्या सभागृहात बाजूला बसलेल्या श्रोत्यालाही मधला आवाज मध्येच जाणवावा, यासाठी तिसरे चॅनेल मोलाचे होते. १९५८ च्या सुमारास घरोघरी आलेल्या स्टिरिओ तबकडीला मात्र दोनच चॅनेल मिळाले, कारण तिच्या खाचेला दोनच भिंती असतात. मधला स्पीकर घरात परतला तो चित्रपटामुळे, संवाद पडद्याशी बांधून ठेवण्यासाठी. डावा व उजवा स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि बाजूचे १०० ते १२० अंशांवर, ही मांडणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९० च्या दशकातील शिफारशीने रूढ केली.

खर्जाची कथा निराळी आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खास कोपऱ्यासाठी स्पीकर घडवला. खोलीचा कोपराच त्याच्या भोंग्याचा शेवटचा भाग होई आणि त्यामुळे थोड्या शक्तीत भरपूर खर्ज मिळे. 'खर्ज हवा तर कोपरा गाठा' हा समज अशा अनुभवांतून पक्का झाला असावा, आणि आवाजाच्या प्रमाणापुरता तो खराच आहे. चित्रपटगृहांत १९७४ साली 'अर्थक्वेक'साठी सेन्सराउंड आले आणि भूकंपाचा हादरा दाखवायला खर्जाचे प्रचंड स्पीकर बसवले गेले. १९८७ मध्ये अमेरिकेतील चित्रपट अभियंत्यांच्या समितीपुढे ध्वनी अभियंता टॉमलिन्सन होल्मन यांनी ५.१ (पाच मुख्य चॅनेल आणि एक खर्जापुरते) ही संज्ञा मांडली. त्यातला '.१' म्हणजे सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचे, इतरांपेक्षा १० डेसिबेल अधिक वाव असलेले खास खर्जाचे चॅनेल होय. हे चॅनेल आणि सबवूफर एकच, असा समज अजूनही सर्वत्र आढळतो, तो चुकीचा आहे. घरातला सबवूफर या चॅनेलबरोबरच लहान स्पीकरांना न पेलणारा त्यांचा खर्जही वाजवतो. म्हणूनच दणक्याचे चित्रपट न पाहणाऱ्याच्या घरीही त्याची जागा चुकली की तबल्याच्या डग्ग्यापासून सगळेच बिघडते.

हा खर्ज स्पीकरांकडून सबवूफरकडे सोपवण्यासाठी टीएचएक्स या चित्रपट-ध्वनीचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या घरगुती मानकाने ८० हर्ट्झची सीमा धरली. या कंप्रतेची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते. कानांमधल्या अंतराच्या मानाने ती इतकी मोठी असते की, आवाज कुठून येतो हे बंद खोलीत सहसा कळत नाही. 'सबवूफर कुठेही ठेवा' हा सल्ला इथूनच आला. दिशेपुरता तो योग्य आहे, पण खोलीचा हिशेब त्यात नाही.

हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, ज्ञात आहे. चौदा फूट लांबीच्या खोलीत, समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे, सुमारे ४० हर्ट्झचा स्थिर तरंग उभा राहतो. तो दोन्ही टोकांच्या भिंतींशी जोरदार आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. मध्यभागी बसलेल्याला तो सूर ऐकूच येत नाही, तर मागच्या भिंतीला टेकलेल्याला तोच घुमतो. कोपऱ्यातला सबवूफर असे सगळेच तरंग पूर्ण जोराने जागे करतो. स्पीकर रचनाकार रॉय अॅलिसन यांनी १९७४ मध्ये दाखवले की, भिंतीपासूनच्या अंतरामुळे स्पीकरच्या आवाजातही ठरावीक कंप्रतांवर खड्डे पडतात.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत उपयोगी टप्पा २००२ चा आहे. ध्वनी उपकरणे बनवणाऱ्या हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी आयताकृती खोलीत सबवूफर किती आणि कुठे असावेत, हे पद्धतशीर तपासले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यबिंदूंवर दोन किंवा चारही भिंतींच्या मध्यबिंदूंवर चार ठेवले की एका आसनापासून दुसऱ्या आसनापर्यंतचा फरक बराच कमी होतो, आणि चाराहून अधिक ठेवून फारसे काही साधत नाही, असे त्यांना आढळले. समोरासमोरचे दोन सबवूफर त्या लांबीचा पहिला तरंग उलट बाजूंनी ढकलतात आणि तो शमतो.

हे बरेचसे संशोधन उत्तर अमेरिकेतले आहे. तिथल्या घरांत लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती सर्रास असतात. त्या किंचित हलतात आणि काही खर्ज शोषून घेतात. आपल्याकडच्या विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब तो जवळपास पूर्ण परतवतात, त्यामुळे हेच चढउतार आपल्या दिवाणखान्यात अधिक तीव्र होतात. एकच सबवूफर असेल तर परस्परतेचे तत्त्व कामी येते: ध्वनीचा उगम आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी परिणाम तोच राहतो. सबवूफर क्षणभर सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, संथ खर्जाची चाल असलेले संगीत लावावे आणि भिंतींलगत कान जमिनीजवळ नेत रांगत फिरावे. जिथे प्रत्येक सूर सारख्या ताकदीने ऐकू येतो, तिथे सबवूफर न्यावा, मग त्यासाठी विजेची वायर थोडी लांबवावी लागली तरी चालेल.