एका बैठकीत अख्खं पर्व: थरारमालिकांची पार्श्वभूमी

गोष्ट ऐन मोक्याच्या जागी तोडून वाचकाला ताटकळत ठेवायची युक्ती टीव्हीच्या कितीतरी आधीची. क्रमशः छापलेल्या कादंबऱ्यांनी ती वापरली, रेडिओवरच्या नाटकांनीही. तरी अमेरिकी वाहिन्या पुढे चालू राहणाऱ्या थरारकथेला बराच काळ कचरतच होत्या. खरी कमाई पुनःप्रक्षेपणात असे. शंभरेक भाग झाले की मालिका स्थानिक केंद्रांना विकली जाई, आणि मधलाच एखादा भाग लावणाऱ्यालाही ती कळायला हवी असे. त्यामुळे गुन्हा आणि त्याची उकल एकाच भागात उरकायची पद्धत पडली.

हे गणित डीव्हीडीने मोडलं. एका बैठकीत सलग पाहण्याच्या सवयीचं सगळं श्रेय आज ओटीटीला दिलं जातं, ते काही पटत नाही. कॅसेटवर बावीस-चोवीस भागांचं पर्व ठेवायला अर्धं कपाट लागलं असतं. डीव्हीडीवर ते एका खोक्यात मावलं. नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झालेल्या '२४' या अमेरिकी थरारमालिकेला याचा मोठा फायदा झाला. प्रत्येक पर्वात एकच दिवस, प्रत्येक भागात त्यातला एक तास. पहिल्या पर्वाचा संच २००२ मध्ये, दुसरं पर्व सुरू होण्याआधीच बाजारात आला आणि मागे राहिलेल्यांना एका दमात सगळं गाठता आलं. पडद्यावरचं घड्याळ जाहिरातींच्या वेळेतही पुढे सरकत असे. संचात जाहिराती नव्हत्या, त्यामुळे ते मधेच काही मिनिटांची उडी मारायचं आणि चोवीस तासांचा दिवस साधारण सतरा तासांत संपायचा. जानेवारी २००५ पासून वाहिनीने मालिकेचं पर्व सुट्ट्यांचे खंड न घेता दर आठवड्याला सलग दाखवायला सुरुवात केली. सलग पाहणाऱ्यांची सवय वाहिनीच्याही ध्यानात आली असावी.

सलग पाहताना लेखकांची लपवाछपवीही उघडी पडते. पहिल्या पर्वात नायकाच्या बायकोची स्मृती जाते, तो भाग आठवा. आठवड्याच्या अंतराने तो खपून गेला असेल. ओळीने पाहणाऱ्याला मात्र भाग भरण्यासाठीची ती ओढाताण लगेच दिसते.

सगळे भाग एकदम द्यावेत की आठवड्याला एक, हा वाद पेटला तो १ फेब्रुवारी २०१३ नंतर. एका स्ट्रीमिंग सेवेने आपल्या राजकीय थरारमालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. त्याच सेवेने आदल्या वर्षी एक छोटी मालिका अशीच आणली होती, पण तिची एवढी चर्चा झाली नव्हती. सेवेच्या बाजूने हिशेब सरळ होता: वर्गणीवर चालणाऱ्याला रात्री नऊचा कार्यक्रम भरायचा नसतो, जाहिरातदारांना सांभाळायचं नसतं, आणि जुनी पर्वं लोक फडशा पाडल्यासारखी पाहतात हे दिसतच होतं. आधीच्याच वर्षी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोयही आली होती. भागाच्या शेवटी थांबायचं की नाही हा प्रेक्षकाचा निर्णय होता. आता थांबण्यासाठी रिमोट उचलावा लागू लागला.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. थरारकथेत दोन भागांमधल्या आठवड्यालाही काम असतं. संशय कोणावर, फितूर कोण, यावर तर्क लढवायला तेवढी सवड लागते. पंधरा सेकंदांत उत्तर मिळणार असेल तर शेवटचा धक्का हा नुसता पुढे ढकलणारा हात उरतो. शिवाय कोणी दुसऱ्या भागावर, कोणी दहाव्यावर. म्हणजे रहस्य फुटण्याच्या भीतीने बोलायचीच चोरी.

सेवांनाही पुढे याची झळ बसली. महिन्याच्या वर्गणीत पर्व संपवून निघून जाणाऱ्याला बांधून कसं ठेवायचं? २०१९ च्या अखेरीस आलेल्या एका मोठ्या सेवेने आपल्या मालिका आठवड्याला एक भाग अशाच ठेवल्या. दुसरीने २०२० मध्ये एका गाजलेल्या मालिकेचे पहिले तीन भाग एकत्र देऊन बाकीचे आठवड्यावर टाकले, तर चिडलेल्या प्रेक्षकांनी त्या मालिकेला रागारागाने एकेक ताऱ्याचं मानांकन दिलं. सगळे भाग एकदम देण्याचा पायंडा पाडणाऱ्या सेवेनेही २०२२ मध्ये 'ओझार्क' या गुन्हेथराराचं शेवटचं पर्व सात-सात भागांत तोडलं: निम्मं जानेवारीत, उरलेलं एप्रिलच्या अखेरीस.