कोरोनात दारोदार कोण फिरलं? सोलापूरपुरती पार्श्वभूमी

परवा गल्लीतल्या एका पोराने विचारलं, कोरोनात घरोघरी फिरायचे ते लोक सरकारचे होते का मंडळाचे? मला एका वाक्यात सांगता येईना, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

लांबचं थोडक्यातच. स्टेशनकडं जाताना मरीआई चौक लागतो ना, ती मरीआई म्हणजे पटकीची, कॉलऱ्याची देवी, आणि पटकी वारीबरोबर गावोगाव पसरायची म्हणून इंग्रजांचं पंढरपूरवर कायम लक्ष असायचं. मग प्लेग, १८९७ चा साथरोग कायदा, गोऱ्या शिपायांच्या झडत्या, पुण्यात पुढं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. पण त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेग झालेलं मुंढव्याचं एक पोरगं पाठीवर टाकून हडपसरच्या दवाखान्यात आणणारी माउली, सावित्रीबाई फुले, स्वतः प्लेगनंच गेली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिला कुणी ऑर्डर काढली नव्हती. आणि सेवेचं मिशन म्हटलं की सोलापूरकराला १९३८ ला चीनला गेलेला आपल्या गावचा डॉक्टर, द्वारकानाथ कोटणीस, आठवतो. तो साथीसाठी नाही, युद्धातल्या जखमींसाठी गेला होता, पण भैय्या चौकातल्या त्याच्या स्मारकावरून रोज जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात सेवा म्हणजे काय ते तिथंच बसलेलं असतं.

आता २०२०. आपल्याकडं पहिला पेशंट १२ एप्रिलला सापडला, पाच्छा पेठेत, आणि रिपोर्ट हातात पडायच्या आधीच तो माणूस गेलेला होता. तिथून पूर्व भाग, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या यंत्रमाग-विडी कामगारांची वस्ती, एकेक करून सील होत गेला. यंत्रमाग बंद, विडी बंद. शहरात विडी वळणाऱ्या बायाच ६०-७० हजार धरतात, त्यांचं सगळं रोजच्या हजार विड्यांवर, पानं नाहीत तर मजुरी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण, अंतर ठेवायचं कुठं? आमच्या मंडळाकडं जयंतीची वर्गणी जमली होती, मिरवणूक तर निघणार नव्हती, तिचा गहू-तांदूळ-तेल घेतलं आणि वाटलं. तेव्हा याला कुणी मिशन-बिशन म्हणत नव्हतं. मेमध्ये सोलापूरच्या मृत्यूदराची राज्यभर चर्चा झाली, जुलैत शहर पुन्हा दहा दिवस कडक बंद केलं, आणि १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं. एका पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, दिवसाला ५० घरं.

त्यात मी होतो. आमच्याबरोबरच्या आशाताई (आशा हे त्यांचं नाव नाही, सरकारी आरोग्य योजनेतलं वस्तीतलं काम) तेलुगू बोलायच्या म्हणून दारं उघडली हे आधी सांगतो, कारण नुसत्या मराठीत विचारलं की आतून "कुणी आजारी नाही" एवढंच यायचं, लोकांना भीती होती नेऊन क्वारंटाइन करतील. त्या उंबऱ्यावरच बसायच्या, आधी नात्यातल्या चौकशा, मग ताप किती दिवस. एका आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडाच येईना. विडी वळून वळून बोटांची टोकं टणक झालेली, वर हात गार. ताईंनी आजींचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चांगला चोळला, दुसरं बोट घेतलं, ८९ आला. ताई लगेच उठल्या नाहीत. आजींना पाणी प्यायला लावलं, सुनेला बाजूला घेऊन समजावलं आणि मगच रिक्षाला फोन केला. आजी अकरा दिवसांनी घरी आल्या.

आता ज्या शब्दावर मला बोलायचंय तो शब्द, स्वयंसेविका. मी स्वयंसेवक होतो हे खरं, कारण दीड महिन्यानंतर मी माझ्या कामाला परत गेलो. पण आशाताईंनासुद्धा कागदावर तोच शब्द आहे, मानद स्वयंसेविका. २००५ ला ग्रामीण आरोग्य मिशन आलं तेव्हा ठरलं की साधारण हजार लोकांमागे गावातलीच एक बाई नेमायची, तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला, म्हणजे बाळंतपण दवाखान्यात नेलं की इतके, लसीकरणाला इतके. २०१३ ला शहरी मिशन आलं आणि तीच पद्धत वस्त्यांत आली. वरच्यांचं म्हणणं असं की ती वस्तीची माणूस राहिली पाहिजे, नोकरदार झाली की लोकांपासून तुटेल. सुरुवातीला दिवसाचे दोन-तीन तास काम असेल तेव्हा हे पटण्यासारखं होतं, नाही म्हणत नाही. पण साथीत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सर्व्हे, त्यावर रात्री फोनवर याद्या, आणि केंद्राचा कोविड भत्ता महिन्याला १००० रुपये! मेल्यावर ५० लाखांचा विमा होता, जिवंतपणी मास्क स्वतः शिवून घालायचा. काम सक्तीचं आणि नाव स्वयंसेवेचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. स्वयंसेवक "उद्या जमणार नाही" म्हणू शकतो, मी दोनदा म्हटलं, ताईंना एकदाही म्हणता आलं नाही.

जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, आठवडाभर चालला, तेव्हा १००० ची वाढ आणि ५०० कोविड भत्ता पदरात पडला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला, तेव्हा स्टेटसला फोटो ठेवणाऱ्यांत मीही होतो. कागदावरचा शब्द तोच राहिला. पुढं मानधन वाढलं, त्यासाठीही पुन्हा आंदोलनं करावी लागली.

सध्या टीबीचं काम चालू आहे. निक्षय मित्र म्हणून कुणीतरी दाता पेशंटला धान्याचं किट देतो, फोटो दात्याचा येतो. तंबाखूच्या धुरळ्यात बसणाऱ्या बायांचा खोकला कुठल्या घरात तीन आठवडे झाला तरी हटत नाही, ते आमच्या गल्लीत अजून त्याच ताईंना माहीत असतं, थुंकीची डबी घेऊन त्याच जातात.