टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब

सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्यासारखा आकार देणारा आनुवंशिक आजार, हे नाव गडचिरोली-चंद्रपूरकडच्या खेड्यांना नवे नाही. सोयरीक जुळवताना 'एएस' (केवळ वाहक) की 'एसएस' (आजारी) अशी चौकशीही आता काही घरांत होते. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: शिबिरांत सर्रास होणारी सोल्युबिलिटी चाचणी या वयात उपयोगाची नसते. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते आणि सिकल हिमोग्लोबिन इतके थोडे असते, की नळीतले मिश्रण गढूळ होत नाही आणि आजारी बाळ निरोगी ठरते. म्हणून नवजातासाठी एचपीएलसीसारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणीच हवी.

गर्भावस्थेतील हे हिमोग्लोबिन बाळाला काही महिने सांभाळून घेते. ते ओसरू लागले, की हातापायांना सूज येणे, रक्त कमी होणे, जंतुसंसर्ग होणे असे त्रास सुरू होतात. लक्षणांची वाट पाहिली तर हाती असलेला वेळ निघून जातो. सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास गंभीर जंतुसंसर्ग सुमारे ८४ टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेतील १९८६ च्या अभ्यासात दिसले. निदान लवकर झाले तर आईला बाळाच्या पोटाच्या डाव्या बाजूला पाणथरी चाचपून पाहायलाही शिकवता येते; ती अचानक वाढली आणि बाळ पांढुरके पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

टाचेच्या कडेला टोचून रक्त गाळणकागदावर टिपण्याची रीत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ केली. वर्तुळातला थेंब कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपला पाहिजे आणि तो उन्हापासून दूर, आडवा ठेवून वाळवला पाहिजे. विदर्भातला उन्हाळा आणि पावसाळ्यातला दमटपणा पाहता ही काळजी किरकोळ मानता येणार नाही, कारण याच थेंबातून तपासली जाणारी, तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडीसारखी विकरे (एन्झाइम) उष्णतेने व ओलाव्याने निकामी होतात.

त्याच कागदावर जन्मजात थायरॉइडची कमतरताही तपासता येते. जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, ज्याच्या वाढीवरून ही कमतरता ओळखतात) आपोआपच चढलेले असते, म्हणून नमुना शक्यतो ४८ तासांनंतर घ्यावा. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलांची बुद्धी सामान्य राहते. इतक्या स्वस्त गोळीने इतके मोठे नुकसान टळावे, अशी उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

माझ्या मते खरी अडचण प्रयोगशाळेनंतरच्या टप्प्यात, अहवालाच्या प्रवासात आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, नमुन्यावर तिथला पत्ता लागतो आणि अहवाल येईपर्यंत बाळंतीण सासरी परतलेली असू शकते. घरभेटीला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येणारी आशाताई आपल्या गावापुरतीच असते. म्हणून नमुन्याच्या कागदावर माहेर आणि सासर, दोन्हीकडचे पत्ते व भ्रमणध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत, आणि 'एसएस' अहवाल दोन्ही आशाताईंना त्याच दिवशी कळवावा.