पार्श्वभूमी: ‘सिव्हिलायझेशन’मधले सत्ताबदल आणि कास्ट सिस्टीमचा तिढा

‘सिव्हिलायझेशन’ ही संस्कृती उभारण्याची संगणकीय खेळमालिका. तिच्या सातव्या भागात, ‘सिव्हिलायझेशन ७’मध्ये (२०२५), युगाच्या आरंभी एक राज्यपद्धत निवडायची आणि सहसा युग संपेपर्यंत तिच्यावरच निभवायचं. मनात आलं म्हणून मध्येच क्रांती नाही, ॲनार्की (सत्तांतरातला अराजकाचा काळ) नाही. जुन्या खेळाडूंना हे अळणी वाटतं, कारण सत्ता बदलताना बसणारा फटका हाच त्यांच्या आठवणीतला खेळ आहे.

१९९१च्या पहिल्या भागात डेस्पॉटिझममधून (सुरुवातीच्या एकाधिकारशाहीतून) लवकर सुटायची घाई असे, कारण नकाशावरच्या ज्या टाईलमधून (चौकोनातून) तीन किंवा जास्त उत्पन्न निघायचं तिथलं एक कापलं जाई. पण सुटायचं तर मधले काही टर्न (खेळीच्या फेऱ्या) ॲनार्कीत घालवावे लागत; पिरॅमिड्स बांधले असतील तरच सुटका. डेमोक्रसीत व्यापार उसळे, पण एखाद्या शहरातली दंगल वेळेत आवरली नाही तर सरकारच पडे. ‘सिव्ह २’मध्ये (१९९६) सत्तांतर चारने भाग जाणाऱ्या टर्नलाच पुरं होतं हे खेळाडूंनी हेरलं, आणि लोक क्रांतीचा मुहूर्त काढू लागले. ‘सिव्ह ३’ने (२००१) रिलिजस गुणाच्या संस्कृतींना, म्हणजे भारतालाही, ॲनार्कीत मोठी सवलत दिली. एवढं होऊनही राज्यपद्धत हा एकच गठ्ठा होता. घेतली तर सगळी घ्यायची, सोडली तर सगळी सोडायची.

तो गठ्ठा २००५मध्ये ‘सिव्ह ४’ने फोडला. शासन, कायदा, श्रम, अर्थव्यवस्था आणि धर्म असे पाच रकाने आले आणि प्रत्येकात पाच ‘सिव्हिक्स’, म्हणजे निवडायची धोरणं. राजेशाहीसोबत मुक्त बाजार, पोलीस स्टेटसोबत धर्मस्वातंत्र्य, काय हवं ते जुळवा. मालिकेतला हा सर्वांत चांगला निर्णय, असं माझं मत आहे. पण श्रमाच्या रकान्यात ट्रायबलिझम, स्लेव्हरी, सर्फडम (भूदासपद्धत) आणि इमॅन्सिपेशनच्या (श्रमिकांच्या मुक्तीच्या) पंगतीत कास्ट सिस्टीमही (जातिव्यवस्थाही) बसवली होती आणि तिचा तिढा आजवर सुटलेला नाही.

‘कोड ऑफ लॉज’ हे तंत्र शोधलं की ती खुली होते. एरवी शहरात किती सायंटिस्ट बसवता येतील हे इमारतींवर ठरतं. लायब्ररी असेल तर दोन. कास्ट सिस्टीम लावली की सायंटिस्ट, मर्चंट आणि आर्टिस्ट यांच्यावरची ही मर्यादाच उठते. शेतातला माणूस उचला आणि सायंटिस्ट करा. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था इथं कुणालाही कोणताही धंदा देते, तोही लायब्ररी नसताना! पुण्यात १८४८ साली मुलींना शिकवायला निघालेल्यांच्या अंगावर शेण टाकलं गेलं, ते ठाऊक असलेल्याला हा नियम वाचून हसावं की चिडावं कळत नाही.

नियमाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की प्रत्येक सिव्हिकचा काही फायदा नसेल तर ते निवडणार कोण? स्लेव्हरीतही लोकसंख्या खर्ची घालून बांधकाम झटपट उरकता येतं, आणि सुरुवातीच्या काळात त्याहून फायद्याचं दुसरं काही नाही. युक्तिवादात तथ्य आहे. फरक असा की स्लेव्हरीत माणसं मरतात, हे खेळ लपवत नाही. कास्ट सिस्टीमची झळ शहरात कुणालाच बसत नाही.

त्यात भारताचे दोन्ही नेते स्पिरिच्युअल गुणाचे, म्हणजे ॲनार्की शून्य. पाच टर्न स्लेव्हरीत बांधकाम, मग कास्ट सिस्टीममध्ये सायंटिस्ट बसवून ग्रेट सायंटिस्ट (संशोधनाला मोठी झेप देणारी व्यक्ती) मिळवायचा, पुन्हा स्लेव्हरी. दोन हजार वर्षं न हटलेली गोष्ट नळासारखी चालू-बंद करायची. अखेर ती जाते ती इमॅन्सिपेशनमुळे. इतर देशांनी ते स्वीकारलं की न स्वीकारणाऱ्यांच्या शहरांत नाराजी वाढू लागते. दडपण सगळं बाहेरून येतं, आतून उठणारा कुणी या खेळात नाहीच.

‘सिव्ह ५’ (२०१०) दुसऱ्या टोकाला गेला. तिथं सिव्हिक्सच्या जागी सोशल पॉलिसी आल्या; एकदा घेतली की जवळपास कायमची. खेळाडू पॉलिसी साठवून ठेवू लागले, तेव्हा पॅचने तेही बंद केलं आणि साठवण्याची मुभा सेटिंग्जमधल्या एका पर्यायापुरती उरली. २०१३च्या विस्तारात फ्रीडम, ऑर्डर आणि ऑटोक्रसी या विचारसरणी आल्या. परक्या संस्कृतीचा प्रभाव वाढला की घरचे लोक तिची विचारसरणी मागू लागत, आणि ती बदलायची तर पुन्हा ॲनार्की. इमॅन्सिपेशनचीच ही सुधारलेली आवृत्ती, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक.

‘सिव्ह ६’ने (२०१६) धोरणांची कार्डं आणली. पूर्वी वापरलेल्या राज्यपद्धतीकडे परत गेलात तरच ॲनार्की. श्रमाचा रकाना ‘सिव्ह ५’मध्येच गेला होता आणि त्याच्याबरोबर कास्ट सिस्टीमही. ‘राज’ नावाचं कार्ड मात्र आहे: जितक्या नगरराज्यांवर तुमचं अधिपत्य, त्या प्रमाणात विज्ञान, संस्कृती, श्रद्धा आणि सोनं तुमच्या खात्यात.