जलालुद्दीन हक्कानी कोण होता, थोडी पार्श्वभूमी

७ जुलै २००८ ला काबूलमधल्या आपल्या दूतावासाच्या गेटवर गाडीबॉम्ब फुटला, ५० च्या वर माणसं गेली, त्यात ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि व्ही. व्यंकटेश्वर राव हे आपले अधिकारीही होते. ठपका आला हक्कानी नेटवर्क या तालिबानशी जोडलेल्या दहशतवादी गटावर. ते उभं करणारा जलालुद्दीन.

हा पूर्व अफगाणिस्तानातल्या झद्रान टोळीचा पश्तून, शिकला पेशावरजवळ अकोरा खटकच्या दारुल उलूम हक्कानिया मदरशात. रशियन आले म्हणून त्याने बंदूक उचलली असं बरेच जण धरून चालतात, ते खरं नाही. १९७३ ला दाऊद खानने राजाला हटवलं तेव्हापासूनच तो विरोधात होता आणि सीमेपलीकडं पाकिस्तानातल्या मिरानशाहला तळ टाकून बसला होता. त्यामुळं १९७९ ला रशियन फौजा घुसल्या तेव्हा माणसं, डोंगरवाटा, पाकिस्तानी लष्करातल्या ओळखी सगळं आधीच जमलेलं, मग आयएसआयमार्फत शस्त्रं, सीआयएकडून थेट रोकड, आणि अरबी उत्तम बोलायचा, एक बायको अरब, म्हणून आखाती देणग्याही.

खोस्तजवळचा त्याचा झावरचा तळ म्हणजे सीमेपासून जेमतेम काही किलोमीटरवर डोंगर पोखरून केलेले बोगदे, आत मशीद, दवाखाना, हत्यारं दुरुस्तीचं वर्कशॉप, जनरेटरवर चालणारा व्हिडिओ प्लेयरसुद्धा. एप्रिल १९८६ च्या रशियन आणि अफगाण सरकारी फौजांच्या मोठ्या हल्ल्यात तो तिथं भाजला, तळ पडला, पण घेणाऱ्यांना तिथं टिकता आलं नाही आणि हे लोक परत येऊन बसले. मार्च १९९१ मध्ये त्याने खोस्त शहर घेतलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्याने साथीदार बदलले पण खोस्त-मिरानशाह पट्ट्यावरची पकड कधी सोडली नाही. १९९२ ला मुजाहिदीन सरकारात न्यायमंत्री, १९९५ ला तालिबानसोबत, मग त्यांच्या सरकारात सीमा आणि टोळ्यांच्या खात्याचा मंत्री. अल कायदाच्या अरबांना पहिला आसरा याच पट्ट्यात मिळाला. २००१ नंतर ज्या अमेरिकेने पैसा ओतला तिच्याशीच लढाई, आणि सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी अॅडमिरल मलन यांनी तिथल्या सिनेटसमोर हक्कानी म्हणजे आयएसआयचाच हात असं उघड सांगितलं. दूतावासात मेलेल्यांच्या घरच्यांना हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करवत नाही.

तोवर म्हातारा आजारी, कारभार मुलगा सिराजुद्दीनकडं गेलेला. तालिबानने जलालुद्दीनच्या मृत्यूची बातमी सप्टेंबर २०१८ मध्ये दिली, तीन वर्षांनी सिराजुद्दीन काबूलमध्ये गृहमंत्री झाला.