पक्षाघातावरील गुठळी विरघळविणारे उपचार : स्त्री-पुरुष फरक

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर शिरेतून औषध देऊन ती विरघळविता येते. या उपचाराला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. तो स्त्रियांना पुरुषांइतकाच मिळतो का हा एक प्रश्न, आणि मिळाल्यावर तितकाच लागू पडतो का हा दुसरा. चर्चेत या दोहोंची बरेचदा सरमिसळ होते. आज हाती असलेला पुरावा पाहता पहिला प्रश्न अधिक गंभीर आहे.

अमेरिकेतील एनआयएनडीएस (मज्जाविकार व पक्षाघातावरील राष्ट्रीय संस्था) या संस्थेच्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे अल्टेप्लेज या औषधाला पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम. दहावा हिस्सा सुरुवातीलाच आणि उरलेले औषध तासाभरात देतात. लक्षणे सुरू झाल्यापासून औषध देण्याची सुरुवातीला तीन तासांची असलेली मुदत २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर साडेचार तासांवर गेली. मोठा धोका मेंदूत रक्तस्राव होण्याचा. एनआयएनडीएस चाचणीत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना झाला, तर औषधाविना ०.६ टक्क्यांना.

२००५ मध्ये अल्टेप्लेजच्या काही चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून तपासली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. औषध न मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झाल्या होत्या. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे उपचाराविना स्त्रिया मागे पडत होत्या आणि औषधाने त्यांना पुरुषांच्या बरोबरीला आणले. इस्ट्रोजेनचा गोठण यंत्रणेवरील परिणाम, हृदयातून सुटून येणाऱ्या गुठळ्यांचे स्त्रियांतील जास्त प्रमाण अशी स्पष्टीकरणे सुचविली गेली. इस्ट्रोजेनचा तर्क जरा ओढूनताणून वाटतो, कारण पक्षाघात झालेल्या बहुतेक स्त्रियांची पाळी केव्हाच थांबलेली असते. पुढे अधिक रुग्णांच्या आकडेवारीत हा फरक ठामपणे टिकला नाही. औषध दोघांनाही उपयोगी पडते, एवढे मात्र निश्चित आहे.

औषध मिळण्यातली तफावत मात्र पुन्हा पुन्हा आढळली आहे. २००९ मधील एका एकत्रित विश्लेषणात स्त्रियांना हा उपचार मिळण्याची शक्यता पुरुषांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसली. २०२० मध्ये त्यानंतरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ही तूट १३ टक्क्यांच्या आसपास आली होती. दरी अरुंद झाली, बुजली नाही.

कारणे बहुधा रुग्णालयाच्या दारापाशी आणि त्याही आधी घरात आहेत. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांना पक्षाघात सरासरीने जास्त वयात होतो. तोवर अनेकजणी विधवा झालेल्या, एकट्या राहणाऱ्या असतात. लक्षणे नक्की केव्हा सुरू झाली हे सांगणारे कोणी नसेल, तर डॉक्टरांना ‘शेवटचे ठीक केव्हा पाहिले’ त्या वेळेपासून घड्याळ मोजावे लागते आणि मुदत कागदावर संपून जाते. अशा रुग्णांसाठी एमआरआयवरून ताजी इजा ओळखण्याचा मार्ग २०१८ च्या ‘वेक-अप’ चाचणीने दाखविला. पण रात्री-अपरात्री एमआरआय सगळीकडे कुठे उपलब्ध असतो? हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तरीही हा उपचार अनेकदा नाकारावा लागतो. शिवाय तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे या ओळखीच्या खुणांसोबत गोंधळलेपणा किंवा अशक्तपणा असेल, तर स्त्रीच्या तक्रारीवर अर्धशिशी किंवा मानसिक ताण असा शिक्का लवकर बसतो. त्यात वेळ जातो.

पाळी चालू असणे हा सहसा अडथळा मानला जात नाही. अतिरक्तस्राव होत असेल तर वेगळा विचार करतात. गर्भवतींना मूळ चाचण्यांतून वगळले होते. अल्टेप्लेजचा रेणू मोठा असल्याने तो वारेतून गर्भापर्यंत जात नाही. म्हणून पक्षाघात तीव्र असेल, तर गर्भाशयातील रक्तस्रावाचा धोका तोलून औषध देता येते.

भारतातील चित्र पाश्चात्त्य देशांसारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही. इथे रुग्ण तुलनेने तरुण असतात आणि मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत पुरुषांची संख्या बरीच जास्त असते. रुग्णालयापर्यंत न पोचलेल्या स्त्रिया अशा नोंदींत येतच नाहीत, त्यामुळे केवळ दाखल रुग्णांतील टक्केवारीवरून समानता ठरविणे धोक्याचे आहे. अल्टेप्लेजसारखेच गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेज हे नवे औषध एकाच इंजेक्शनात देता येते, तासभर सलाइन लावावे लागत नाही. त्याची भारतीय आवृत्ती पुण्यातील जेनोव्हा ही कंपनी बनविते. बाळंतपणानंतर तरुण स्त्रियांत मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा आजार भारतीय डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तिथे पहिला उपचार हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असतो. धमनीतील गुठळीसाठीचे वरचे आकडे त्या आजाराला लागू होत नाहीत.